तरता बंब : शब्द, साधन आणि मुंबईच्या गोदींतील साक्ष

मराठ्यांचें आरमार, बंदरें, जकाती व जलदुर्ग यांविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु पाण्यावर लागलेली आग पाण्यावरूनच विझविण्याचें जें साधन, त्याचा विचार क्वचितच झालेला आढळतो. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या वर्धा जिल्ह्याच्या निमित्तानें हा विषय निघावा, याचें वाचकांस नवल वाटेल. म्हणून त्याचें कारण आरंभींच सांगणें इष्ट आहे. तारीख १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत जो अनर्थ झाला, तो रुई आणि दारूगोळा या दोन जिनसा एका जहाजाच्या एकाच खणांत एकावर एक रचल्यामुळें झाला. या दोन्ही जिनसांशीं वर्धा जिल्ह्याचा निकट संबंध आहे. ‘हिंगणघाट’ हें रुईच्या एका जातीचें नांव म्हणून एकोणिसाव्या शतकांत व्यापारी जगांत प्रसिद्ध होतें; आणि पुलगांव येथें लष्कराचें मध्यवर्ती दारूगोळा-भांडार आहे. सबब मुंबईच्या त्या प्रसंगाची मीमांसा आम्हांस परक्या मुलुखाची वाटत नाहीं.

१. शब्दविचार

जुने कागद वाचणारांस प्रथम एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘आगबोट’ या शब्दाचे अवयव वेगळे केले असतां आगीची बोट असा अर्थ निघतो, व त्यावरून आग विझविणारी बोट असा भास होण्याचा संभव आहे. वस्तुतः आगबोट म्हणजे वाफेच्या जोरावर चालणारें जहाज. आगगाडी म्हणजे जशी आग विझविणारी गाडी नव्हे, तशीच ही गोष्ट आहे. मुंबईंत बांधलेलें ‘ह्यू लिंडसे’ हें वाफेचें जहाज २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून सुवेझकडे निघालें. पुढें अशा जहाजांची ये-जा जसजशी वाढली, तसतसा हा शब्द लोकांच्या तोंडीं बसला. तेव्हां गेल्या शतकांतील एखाद्या पत्रांत ‘आगबोटीनें गेलों’ असें आढळल्यास तेथें आगीचा कांहीं संबंध नाहीं, भट्टीचा मात्र आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आग विझविणाऱ्या यंत्रास आमच्या भाषेंत ‘बंब’ हा शब्द आहे. तो पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पाणी उपसण्याचा पंप, या शब्दावरून आला. मराठींत त्याला दोन अर्थ चिकटले. एक आगीचा बंब. दुसरा स्नानाचें पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब. घरच्या बंबांत विस्तव पोटांत असतो आणि पाणी त्याच्या भोंवतीं असतें. १९४४ सालीं गोदींतील जहाजाची स्थिति जवळ जवळ अशीच झाली होती, हें पुढें दिसून येईल. सरकारी लिखाणांत ‘अग्निशामक नौका’ हा शब्द योग्यच आहे. परंतु आम्हीं या लेखांत ‘तरता बंब’ असें म्हटलें आहे, कारण त्यांत वस्तूचें स्वरूप आपोआप सांगितलें जातें.

२. साधनाचें स्वरूप

तरत्या बंबाचें मर्म एका साध्या गोष्टींत आहे. जमिनीवरील बंबास पाणी कोठून तरी मिळवावें लागतें; तरत्या बंबाच्या भोंवतीं तें अमर्याद असतें. धक्क्यावर उभा असलेला बंब समुद्राचें पाणी वर खेंचूं लागला, तर हवेच्या दाबाच्या नियमामुळें सिद्धांततः सुमारें ३३ फूट, आणि व्यवहारांत त्याहून बरेंच कमी उंचीपर्यंतच त्यास पाणी खेंचतां येतें. ओहोटीला पाणी खालीं गेलें म्हणजे ही अडचण अधिकच वाढते. तरता बंब भरती-ओहोटीबरोबर स्वतःच वर-खालीं होतो, आणि पाणी घेण्याचें त्याचें तोंड पाण्याखालींच असल्यामुळें खेंचण्याची उंची जवळ जवळ उरत नाहीं. पंपाची सारी शक्ति पाणी दूर फेंकण्याकडे लागते.

मात्र याची एक किंमत द्यावी लागते. बंदूक उडवितांना जसा खांद्यास उलट धक्का बसतो, तसा तोटींतून जोरानें सुटणाऱ्या पाण्याचा धक्का बोटीस बसतो. त्यामुळें आगीवर पाणी मारीत असतां सुकाणू धरणारानें बोट यंत्राच्या बळावर सतत त्या धक्क्याविरुद्ध रेटून धरावी लागते. याखेरीज बोट रुंद व स्थिर असावी, उथळ पाण्यांत शिरतां यावी, आणि जळत्या तेलाच्या तवंगांतून निघून जातां यावें, अशाही अपेक्षा असतात.

या साधनाचा आरंभ लंडनच्या टेम्स नदीवर आढळतो. तेथील ‘सन’ नांवाच्या आगीचा विमा उतरणाऱ्या कंपनीनें सन १७६५ च्या सुमारास हातानें चालविण्याचा पंप एका लहान बोटींत बसविला होता. पुढें वाफेचें युग आलें. न्यूयॉर्क शहरानें १८७५ मध्यें ‘विल्यम एफ. हॅवमेयर’ ही वाफेवर चालणारी बोट याच कामाकरितां ठेविली. त्यानंतर मोठ्या बंदरांतून असे बंब सामान्य झाले.

त्यांचीं कामें तीन. पहिलें, जहाजाच्या ज्या अंगास जमिनीवरील बंब पोंचूं शकत नाहीं, त्या समुद्राकडील अंगानें आगीवर पाणी मारणें. दुसरें, शहरांतील पाण्याचे नळ फुटले असतां समुद्राचें किंवा नदीचें पाणी लांब होजपाईपांतून किनाऱ्यावरील बंबांस पुरविणें. न्यूयॉर्क येथें ११ सप्टेंबर २००१ रोजीं नळ निकामी झाले, तेव्हां १९३१ सालीं बांधलेली व नोकरींतून निवृत्त झालेली ‘जॉन जे. हार्वे’ ही बोट पुन्हा कामास लावून हडसन नदीचें पाणी आगीपर्यंत पोंचविण्यांत आलें. तिसरें काम माणसें वांचविण्याचें. लंडनची ‘मॅसी शॉ’ ही १९३५ सालची बोट १९४० मध्यें डंकर्कच्या किनाऱ्यावर गेली, व उथळ पाण्यांत शिरून तिनें पांचशेंहून अधिक सैनिक मोठ्या जहाजांवर किंवा स्वदेशीं पोंचविले. तेथें विझविण्यास आग नव्हती. आगीकरितां अंगीं आणलेला उथळ तळ मात्र उपयोगी पडला.

३. मुंबईची पूर्वपीठिका आणि रुईचा मार्ग

मुंबईच्या किल्ल्यांत १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं मोठी आग लागली व दाट वस्तीचा बराच भाग जळाला. पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ मध्यें झाली; त्यानंतर प्रिन्सेस गोदी १८८० मध्यें आणि व्हिक्टोरिया गोदी १८८८ मध्यें सुरू झाली. या दोन गोद्या म्हणजे दरवाजांनीं बंद होणारे पाण्याचे हौदच होते. आंत जहाजें धक्क्यास लागून उभीं राहत, आणि भरतीच्या सुमारास दरवाजे उघडून त्यांची ये-जा होई. जहाजांस ही व्यवस्था सोयीची होती. परंतु आग लागलेलें जहाज तांतडीनें बाहेर काढावयाचें म्हटल्यास तीच अडचणीची होई.

या गोद्यांच्या भरभराटींत रुईचा वाटा मोठा होता. वर्धा जिल्हा १८६२ मध्यें नागपूरपासून वेगळा झाला. त्याचें ठाणें प्रथम पुलगांवजवळ कवठा येथें होतें. १८६६ मध्यें तें पालकवाडीच्या जागीं वसविलेल्या नव्या वर्धा शहरीं आलें. त्याच सुमारास रेल्वे या मुलुखांत पोंचली, आणि बैलगाड्यांच्या तांड्यांनीं जाणारी रुई आगगाडीनें मुंबईस जाऊं लागली. मध्यप्रांत-वऱ्हाडाकरितां रिव्हेट-कार्नक या अधिकाऱ्याची कॉटन कमिशनर म्हणून झालेली नेमणूक हीच या व्यापाराच्या महत्त्वाची साक्ष आहे.

जिनिंग व प्रेसचे कारखाने ज्यांनीं जवळून पाहिले आहेत, त्यांस रुईच्या आगीचा स्वभाव सांगावयास नको. सुटी रुई भपकन् पेटते. दाबून बांधलेली गाठ तशी पेटत नाहीं. ती आंतल्या आंत धुमसते. तंतूंमध्यें अडकलेली हवा त्या विस्तवास पुरते, आणि वरून ओतलेलें पाणी गाठीच्या गाभ्यापर्यंत लवकर पोंचत नाहीं. वरून विझलेली दिसणारी गाठ फोडली असतां आंत निखारा सांपडतो. शिवाय अशी गाठ पाण्यावर कांहीं काळ तरंगते. हा शेवटचा गुण वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावा.

४. तारीख १४ एप्रिल १९४४

‘फोर्ट स्टिकीन’ हें मालवाहू जहाज १९४२ मध्यें कॅनडांत बांधलेलें होतें. तें २४ फेब्रुवारी १९४४ रोजीं इंग्लंडांतील बर्कनहेडहून निघून जिब्राल्टर, पोर्ट सय्यद व कराची या मार्गानें १२ एप्रिल रोजीं मुंबईस आलें. त्यावर सुमारें १,३९५ टन स्फोटक माल होता, व त्यांपैकीं २३८ टन अत्यंत नाजूक वर्गांतला होता. याखेरीज सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीस त्यावर रुईच्या सुमारें ८,७०० गाठी, तेलाचीं पिंपें, भंगार लोखंड, गंधक, राळ व तांदूळ असा माल चढविण्यांत आला. ही रुई वर्धा-वऱ्हाडची नव्हती, हें येथें स्पष्ट करणें योग्य.

शांततेच्या काळांत असा स्फोटक माल जहाज गोदींत येण्यापूर्वींच भर बंदरांत पडावांवर उतरवून घेण्याची रीत होती, आणि असें जहाज तांबडें निशाण लावीत असे. युद्धाच्या घाईंत ती रीत शिथिल झाली होती. फोर्ट स्टिकीनवर तांबडें निशाण नव्हतें. १४ तारखेस दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या खणांत आग असल्याचें खलाशांच्या ध्यानांत आलें. या खणाच्या खालच्या भागांत रुई होती, आणि वरच्या मजल्यावर स्फोटकें होतीं.

धक्क्यावरील बंब आले. तरते बंबही आले. दाट धुरामुळें आगीचें मूळ सांपडेना. तरी ९०० टनांहून अधिक पाणी जहाजांत सोडण्यांत आलें. आंतील उष्णता इतकी होती कीं, जहाजाभोंवतींचें पाणी उकळूं लागलें. दुपारीं ३ वाजून ५० मिनिटांनीं जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट होऊन जहाजाचे दोन तुकडे झाले, व ४ वाजून ३४ मिनिटांनीं दुसरा स्फोट झाला. कुलाब्याच्या वेधशाळेंतील भूकंपमापकांनीं दोन्ही हादरे टिपले. शेजारचें सुमारें चार हजार टनांचें ‘जलपद्म’ हें जहाज उचललें जाऊन त्याचा मागील भाग धक्क्यावर पडला. दहाहून अधिक जहाजें बुडालीं किंवा निकामी झालीं. मृतांचे अंदाज आठशेंपासून तेराशेंपर्यंत भिन्न आहेत. सुमारें ऐंशीं हजार लोक बेघर झाले. आग आटोक्यांत येण्यास तीन दिवस लागले, आणि गोद्या पुन्हा चालू करण्याकरितां आठ हजार माणसें सात महिने खपत होतीं.

या प्रसंगीं अग्निशामक दलाचे ६६ जण प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळला जातो.

वृत्तपत्रांचा साधन म्हणून उपयोग करणारांनीं एक गोष्ट विसरूं नये. युद्धकालीन निर्बंधांमुळें या घटनेचें वृत्त मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मोकळेपणानें छापूं दिलें गेलें नाहीं. १५ किंवा १६ एप्रिलच्या अंकांत सविस्तर हकीगत नाहीं, एवढ्यावरून घटना लहान होती असें अनुमान केल्यास तें चुकेल. साधनाचें मौन हेंही साधनच आहे. मात्र तें कोणीं पाळावयास लावलें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

५. कारणमीमांसा

इतकें पाणी हाताशीं असतांना आग विझली कां नाहीं, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मतें त्याचीं कारणें तीन.

पहिलें कारण मालाच्या रचनेंत आहे. खणांत पाणी जसजसें चढूं लागलें, तसतशा धुमसणाऱ्या गाठी त्याबरोबर वर उचलल्या गेल्या, आणि विस्तव स्फोटकांच्या मजल्याजवळ सरकला. म्हणजे आगीच्या शत्रूनेंच आगीस वर चढण्यास शिडी दिली. घरच्या बंबांतील विस्तवास भोंवतालचें पाणी विझवीत नाहीं, स्वतःच तापतें. तोच प्रकार येथें जहाजाच्या मापानें घडला.

दुसरें कारण जागेचें. अशा वेळीं दोन उपाय असतात : जहाज जाणून-बुजून बुडविणें, किंवा ओढून खुल्या समुद्रांत नेणें. दोहोंचीही चर्चा त्या दुपारीं झाली. परंतु गोदींतील पाणी बेताचें असल्यामुळें तळास टेकूनही जहाज पूर्ण बुडलें नसतें. आणि बाहेर न्यावें तर दरवाजे व अरुंद वाट आड येत होतीं.

तिसरें कारण आम्हीं सर्वांत गंभीर मानतों. धक्क्यावर जहाजाचा कप्तान होता, बंदराचे अधिकारी होते, दारूगोळ्याचे जाणकार होते व अग्निशामक दलाचे प्रमुख होते. प्रत्येकाजवळ सत्याचा एकेक तुकडा होता; परंतु सर्वांस मान्य करावा लागेल असा एक हुकूम देण्याचा अधिकार व धीर कोणा एकाजवळ नव्हता. आग दिसल्यापासून स्फोटापर्यंत दोन तास गेले. या दोन तासांत पंप अखंड चालू होते. निर्णय मात्र झाला नाहीं. बंबवाल्यांच्या धैर्यांत किंवा पंपांच्या शक्तींत उणीव शोधणें हा अन्याय होईल.

हें मत केवळ मुंबईच्या उदाहरणावर उभें नाहीं. सुमारें तीन वर्षांनीं, १६ एप्रिल १९४७ रोजीं, अमेरिकेंतील टेक्सस सिटी बंदरांत ‘ग्रँडकँप’ जहाजावरील अमोनियम नायट्रेटच्या खताला आग लागली. तेथें माल भिजूं नये म्हणून पाणी टाळून खण बंद केले व आंत वाफ सोडली. तें जहाजही उडालें, आणि पांचशेंहून अधिक माणसें मेलीं. मुंबईस पाणी ओतलें, टेक्ससला पाणी टाळलें. शेवट एकच झाला. यावरून आगीचा उपाय पाण्याच्या परिमाणावर नव्हे, तर आंत काय आहे व तें कशावर रचलें आहे या ज्ञानावर, आणि त्या ज्ञानाप्रमाणें वेळींच वागण्यावर अवलंबून असतो, असा सिद्धांत निघतो.

६. वर्धा जिल्ह्याकडे

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. पुलगांव हें नांवच वर्धा नदीवरील पुलाची आठवण देतें. तेथील दारूगोळा-भांडार देशांतील मोठ्या भांडारांपैकीं एक आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तेथें रणगाडाविरोधी सुरुंगांच्या एका कोठारास आग लागून स्फोट झाले. दोन लष्करी अधिकारी धरून पंधराहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांत अग्निशामक जवानांचाच भरणा अधिक होता. या प्रसंगाच्या कारणांचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु स्फोटकांजवळच्या आगीकडे इतर सारे दूर जात असतां कोण जवळ जातो, याचें उत्तर १९४४ सालीं मुंबईस आणि २०१६ सालीं पुलगांवास एकच मिळालें, हें नमूद करणें आमचें कर्तव्य आहे.

पाण्यावरील अग्निशमन या जिल्ह्यास क्वचितच लागेल. पाण्यांतून माणसें काढण्याची गरज मात्र वारंवार लागते. वर्धा नदी मुलताईच्या पठारावरून निघून जिल्ह्याची सीमा आखीत वाहते. ३० जुलै १९९१ रोजीं तिच्या पुरानें नागपूर जिल्ह्यांतील मोवाड गांव उद्ध्वस्त केलें व दोनशेंवर माणसें गेलीं. १४ सप्टेंबर २०२१ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील झुंज येथें त्याच नदींत नाव उलटून अकरा जण बुडाले. समुद्रावरील तरत्या बंबाचें जें तिसरें काम आम्हीं वर सांगितलें, तेंच आमच्या नद्यांवर पहिलें ठरतें. तें काम पूर्वीं ढिवर व भोई यांच्या डोंग्यांनीं केलें. आज आपत्ति-निवारण दलांच्या यंत्र लावलेल्या रबरी बोटीही तें करतात. साधन बदललें, तरी नियम तोच आहे : नावेंत किती माणसें घ्यावयाचीं व पाणी चढलें असतां नाव सोडावयाची कीं नाहीं, हें ठरविणारा एक माणूस कांठावर असला पाहिजे, आणि त्याचा शब्द मानला गेला पाहिजे.

७. समारोप व विनंति

संग्राहक मंडळींस यांतून एक विनंति करावीशी वाटते. आमचे संग्रह सनदा, महजर व वंशावळी यांनीं समृद्ध आहेत. परंतु जिनिंग-प्रेसचीं दप्तरें, रुईच्या विम्याचे कागद, नावघाटांचे मक्ते, रेल्वेनें पाठविलेल्या मालाच्या पावत्या हे कागद रद्दींत जात आहेत. कोणता माल कशाबरोबर व कोणाच्या जोखमीवर रचला गेला, हें याच कागदांवरून कळतें. मुंबईस त्या दुपारीं जी माहिती योग्य वेळीं एका हातांत असावयास हवी होती, ती अशाच याद्यांतून विखुरलेली होती.

दुसरें, ज्या वाड्यांतून व माळ्यांवर पोथ्या ठेवलेल्या असतात, तेथें आग लागल्यास बंबाचें पाणीही आगीइतकेंच घातक ठरूं शकतें. कोणता रुमाल प्रथम बाहेर काढावयाचा, याची यादी प्रत्येक संग्राहकानें आजच करून ठेवावी, आणि ती घरांतील दुसऱ्या एका माणसास ठाऊक असावी. आग लागल्यावर विचार करावयास वेळ मिळेल, अशा भरंवशावर कोणीं राहूं नये. फोर्ट स्टिकीनवर दोन तास मिळाले होते, आणि तेही पुरले नाहींत.